कुलवृत्तांत-संशोधन : वसई–नायगाव परिसर

एखाद्या कुळाच्या पिढ्या, त्यांतील व्यक्तींचे जन्म, विवाह व मृत्यू, त्यांची वसतिस्थाने, व्यवसाय, स्थलांतरे आणि परस्परसंबंध यांचा साधार शोध घेऊन त्यांची सुसंगत मांडणी करणे, यास कुलवृत्तांत-संशोधन म्हणतात. वंशावळ हा त्याचा सांगाडा होय. केवळ नावांची उतरंड म्हणजे कुलवृत्तांत नव्हे. प्रत्येक नाव कोणत्या पुराव्यावर आधारले आहे आणि एका पिढीचा पुढील पिढीशी असलेला दुवा कशाने सिद्ध होतो, हे दाखविता आले तरच त्या मांडणीस संशोधनाची प्रतिष्ठा लाभते. पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील नायगाव व त्याच्या आसपासची गावे या विषयाच्या अभ्यासास विशेष सोयीची आहेत. पोर्तुगीज, मराठी व इंग्रजी अशा तीन राजवटींची कागदपत्रे, ख्रिस्ती धर्मग्रामांच्या नोंदवह्या, तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि मौखिक परंपरा ही सर्व साधने येथे एकाच भूमीवर उपलब्ध होतात. त्यांतील अडचणीही तेवढ्याच बोधप्रद आहेत.

नायगाव हे वसईच्या खाडीच्या उत्तर काठावरील गाव असून ते पश्चिम रेल्वेच्या मार्गावर भाईंदर व वसई रोड या स्थानकांच्या दरम्यान आहे. खाडीतील पाणजू बेट, पश्चिमेकडील उमेळे आणि पूर्वेकडील जूचंद्र ही त्याच्या शेजारची गावे. मासेमारी, मिठागरे व भातशेती हे येथील जुने व्यवसाय असून कोळी, आगरी व ख्रिस्ती समाजाची वस्ती पूर्वापार आहे. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे जुन्या कागदांत या गावाचा शोध ठाणे जिल्ह्याच्या दप्तरात घ्यावा लागतो. नायगाव नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. मुंबईत दादरजवळ एक नायगाव आहे. सातारा जिल्ह्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मस्थान होय, तर नांदेड जिल्ह्यात नायगाव हे तालुक्याचे ठिकाण आहे. म्हणून कोणत्याही नोंदीतील ‘नायगाव’ हे नाव पाहताच ते आपले गाव मानणे ही नवशिक्या संशोधकाची पहिली चूक ठरते. शेजारच्या गावांची नावे, तालुका अथवा धर्मग्राम यांच्या साहाय्याने त्या नावाची निश्चिती करून घ्यावी लागते.

परंपरा : महाराष्ट्रात वंशावळी राखण्याची प्रथा जुनी असून तिच्या मुळाशी बहुधा हक्काचा प्रश्न असे. वतनाचा तंटा उभा राहिला, की वादी-प्रतिवादी आपापल्या घराण्याची हकीकत लिहून देत. तिला करीना म्हणत. भोर परिसरातील जेधे घराण्याचा करीना त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. अशा कागदांत पूर्वजांची नावे तपशीलवार मिळतात. तथापि ती दावा सिद्ध करण्याच्या हेतूने लिहिलेली असल्याने प्रतिपक्षाचा करीना व गोतसभेचा महजर यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारता येत नाहीत. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकाच्या सीमाभागात हेळवी हे वंशपरंपरागत वृत्ती म्हणून यजमान घराण्यांच्या पिढ्या नोंदवून ठेवतात. गुजरातेत हे काम वहीवंचा बारोट करतात. त्र्यंबकेश्वर, नासिक, हरद्वार इ. क्षेत्रांतील तीर्थोपाध्याय यात्रेकरूचे नाव, गाव, गोत्र, बरोबरचे आप्त व पूर्वी येऊन गेलेले पूर्वज यांची नोंद आपल्या वहीत ठेवतात. पुष्कळदा ती यात्रेकरूच्या स्वतःच्या अक्षरात असते. विसाव्या शतकात अनेक मराठी घराण्यांनी छापील कुलवृत्तांत प्रसिद्ध केले. मूळ पुरुषापासून शाखांची विभागणी, पिढ्यांना क्रमांक आणि प्रत्येक कुटुंबाची अल्प माहिती ही त्यांची सर्वसाधारण मांडणी होय. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) आणि १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी घराण्यांच्या दप्तरांचा शोध व प्रकाशन यांना जी चालना दिली, तिचा या प्रकारच्या लेखनास मोठा लाभ झाला.

धर्मग्रामांच्या नोंदवह्या : वसई परिसरातील सर्वांत नियमित साधन म्हणजे चर्चच्या नोंदवह्या. गुजरातच्या सुलतानाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि ती उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे बनली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांडोर, पापडी, नंदाखाल आदी ठिकाणी चर्च उभी राहिली. त्याच काळात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–६३) धर्मगुरूंनी बाप्तिस्मा व विवाह यांची वही ठेवावी असा दंडक घातला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने दृढीकरण, मृत्यू आणि धर्मग्रामातील घरवार माणसांची यादी यांचीही त्यात भर घातली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत सामान्यपणे बालकाचे नाव, जन्माची व विधीची तारीख, आईबाप, धर्मपिता व धर्ममाता, गाव आणि विधी करणारा धर्मगुरू यांचा उल्लेख असतो. ज्यांना वतन नव्हते, जमीन नव्हती व ज्यांची नावे अन्य कोणत्याही दप्तरात येण्याचे कारण नव्हते, अशा मच्छीमारांची व शेतमजुरांची नावे या वह्यांत तारीखवार मिळतात, हे त्यांचे असाधारण मोल होय. शिवाय बालकाच्या आईची नोंद येथे नित्याची असते. छापील कुलवृत्तांतांत मुली विवाहानंतर नजरेआड होतात व सुना केवळ सासरच्या नावाने उरतात. त्या तुलनेत या वह्यांवरून स्त्रियांचे वंशसूत्र शोधणे अधिक शक्य होते.

या वह्या कोठे शोधावयाच्या, हे कळण्यास धर्मप्रशासनाचा इतिहास ठाऊक असावा लागतो. वसईची चर्च दीर्घ काळ गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकाराखाली होती. पोर्तुगीज राजाचा आश्रयाधिकार (पाद्रुआदो) आणि रोमची धर्मप्रसार परिषद (प्रोपगांडा) यांच्यातील संघर्षामुळे मुंबई व उत्तर कोकणात काही काळ दुहेरी अधिकारक्षेत्र नांदले. १८८६ मध्ये दमणचा धर्मप्रांत स्थापन होऊन वसई त्यात गेली. १९२८ मध्ये तो रद्द झाल्यावर हा भाग मुंबईच्या आर्चबिशपकडे आला आणि १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. साहजिकच मूळ वही धर्मग्रामात असली, तरी तत्संबंधी पत्रव्यवहार, परवानग्या व अहवाल गोवा आणि मुंबई येथे विखुरलेले असू शकतात. तसेच मोठ्या धर्मग्रामाचे विभाजन होऊन नवा धर्मग्राम झाला असल्यास विभाजनापूर्वीच्या नोंदी मातृचर्चमध्ये पाहाव्या लागतात.

आडनावांचा प्रश्न : डिसोझा, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज, डिमेलो इ. पोर्तुगीज आडनावे या भागात विपुल आहेत. धर्मांतराच्या वेळी ती बहुधा धर्मपित्यावरून अथवा विधी करणाऱ्या धर्मगुरूवरून मिळाली. त्यामुळे समान आडनाव हे समान वंशाचे गमक ठरत नाही. एकाच गावातील दोन परेरा कुटुंबांत रक्तसंबंध नसू शकतो. उलट एकाच मूळ पुरुषाचे वंशज निरनिराळी आडनावे धारण करीत असणेही संभवते. पोर्तुगीज आडनावावरून पोर्तुगीज वंशाचे अनुमान काढणे तर सर्वस्वी निराधार होय. आडनावापेक्षा घराचे टोपणनाव, आळी आणि धर्मपित्यांची घराणी यांवरूनच कुटुंबांची खरी ओळख पटते. टोपणनावे सहसा वहीत येत नाहीत. ती वृद्धांच्या स्मरणात असतात. कागद व स्मृती यांची सांगड घालणे येथे सोय म्हणून नव्हे, तर निकड म्हणून करावी लागते. हिंदू कुटुंबांतही आडनावे पुष्कळदा अलीकडची असून जुन्या कागदांत केवळ ‘अमुक बिन तमुक’ अशी व्यक्ती व पिता यांची नावे आढळतात. ‘बिन’ हा शब्द पितापुत्राचा संबंध दाखवितो. ‘वलद’चाही अर्थ तोच.

शोधाची रीत : संशोधनाचा मार्ग ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजे आजच्या पिढीकडून मागे जातो. प्रसिद्ध पूर्वजापासून खाली उतरत स्वतःपर्यंत येण्याचा प्रयत्न जवळजवळ नेहमीच फसतो, कारण त्यात निष्कर्ष आधी ठरलेला असतो. उदा., १९४० च्या सुमारास नायगाव परिसरात जन्मलेल्या एखाद्या ख्रिस्ती स्त्रीची बाप्तिस्म्याची नोंद प्रथम पाहावी. तीत आईबापांची नावे मिळतात. त्यांच्या विवाहाची नोंद त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांच्या वह्यांत शोधावी. रूढ प्रथेनुसार विवाह वधूच्या धर्मग्रामात होतो, म्हणून ही नोंद शेजारच्या चर्चमध्ये असण्याचा संभव अधिक. विवाहाच्या नोंदीत वधूवरांचे वय व त्यांच्या मातापित्यांची नावे असल्यास त्यावरून त्यांच्या बाप्तिस्म्याचे वर्ष अंदाजता येते आणि एक पिढी मागे जाता येते. १९०८ पासून अमलात आलेल्या ‘ने तेमेरे’ या धर्माज्ञेप्रमाणे विवाहाची टीप मूळ बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात करणे आवश्यक झाले. त्यामुळे त्यानंतर विवाह झालेल्यांच्या बाबतीत समासातील एक ओळ पुढील चर्चचा पत्ता देते. समास न वाचता केवळ मुख्य मजकूर उतरवून घेणारा अभ्यासक हा दुवा गमावून बसतो.

विवाहाच्या नोंदीतील आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. जवळच्या नात्यात विवाह करण्यास चर्चची परवानगी लागे व तिचा उल्लेख नोंदीत होई. चर्चच्या गणनेत दुसरी पायरी म्हणजे समान आजा-आजी व तिसरी पायरी म्हणजे समान पणजा-पणजी. चौथ्या पायरीपर्यंतचा निर्बंध १९१७ च्या धर्मसंहितेने तिसऱ्या पायरीपर्यंत आणला. ‘तिसऱ्या पायरीच्या नात्यास सूट’ एवढे शब्द आढळले, तरी वधू व वर यांची वंशसूत्रे तीन पिढ्यांमागे एकत्र येतात हे निश्चित होते. ज्या पणज्याची स्वतंत्र नोंद नष्ट झाली आहे, त्याचे अस्तित्वही यावरून अनुमानिता येते. एकाच काळी एकाच नावाच्या दोन व्यक्ती असणे ही लहान गावांत नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी धर्मपिता, साक्षीदार, पत्नीचे नाव व मृत्यूची नोंद यांच्या आधारे त्यांना पृथक् करावे लागते. ते साधत नसेल, तर दुवा रिकामा ठेवणेच योग्य.

शासकीय कागदपत्रे : हिंदू कुटुंबांच्या बाबतीत, तसेच ख्रिस्ती कुटुंबांच्या पडताळणीसाठी, शासकीय दप्तर हे प्रमुख साधन होय. गावपातळीवर कोतवालाने ठेवलेली जन्ममृत्यूची वही (‘कोतवाल बुक’, जुना गाव नमुना १४) तालुक्याच्या अभिलेखकक्षात पाहावयास मिळते. १८८६ च्या अधिनियमाने जन्म, मृत्यू व विवाह यांच्या ऐच्छिक नोंदणीची सोय केली, तर १९६९ च्या अधिनियमाने जन्ममृत्यूची नोंदणी देशभर सक्तीची झाली. ख्रिस्ती विवाहांस १८७२ चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे. जमिनीच्या बाबतीत सातबाराचा उतारा आजची स्थिती दाखवितो. कुलवृत्तांताच्या दृष्टीने त्याहून मोलाचे ते फेरफार. खातेदार मृत झाल्यावर वारसांची नावे, त्यांचे नाते व कधीकधी वयेही त्यात नमूद होतात. विवाहित मुलींच्या हक्कसोडीची नोंद असल्यास त्यांचे सासरचे नाव व गाव कळते. शाळेच्या जनरल रजिस्टरातील जन्मतारीख, जन्मगाव व जात हे तपशीलही उपयुक्त ठरतात. मात्र त्यातील जन्मतारीख प्रवेशाच्या वेळी अंदाजाने सांगितलेली असण्याचा संभव ध्यानी घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये शंभर व अमेरिकेत बहात्तर वर्षांनंतर जनगणनेची व्यक्तिगत पत्रके अभ्यासकांस खुली होतात. भारतात १९४८ च्या जनगणना अधिनियमानुसार ती गोपनीय असल्याने हे साधन येथे उपलब्ध नाही.

याहून जुन्या काळासाठी पुणे येथील पेशवे दप्तर व मुंबईतील राज्य पुराभिलेखागार यांकडे वळावे लागते. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे आली. पुढे १७८० मध्ये ती इंग्रजांनी घेतली, सालबाईच्या तहाने (१७८२) मराठ्यांस परत मिळाली आणि पेशवाईच्या अखेरीस (१८१८) कायमची इंग्रजी अमलात गेली. पोर्तुगीज काळाची साधने गोव्याच्या पुराभिलेखागारात व लिस्बन येथे आहेत. सिमाँव बोतेल्यू याने १५५४ मध्ये सिद्ध केलेल्या महसुली ग्रंथात वसई प्रांताच्या उत्पन्नाचा तपशील आहे. उत्तर प्रांतातील गावे पोर्तुगीज सरदारांस व धार्मिक संघांस पट्ट्याने दिलेली असत व अनेक पट्ट्यांची मुदत तीन पिढ्यांची असे. अशा कागदांवरून पट्टेदारांची वंशावळ उभी राहते. जमीन कसणाऱ्या कुणब्याचे वा खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याचे नाव त्यात क्वचितच असते. वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चमध्ये आढळणाऱ्या थडग्यांवरील लेखांचीही हीच मर्यादा आहे. परिणामी सामान्य ग्रामस्थ कुटुंबाची सलग, साधार वंशावळ १७३९ च्या मागे नेणे फारच थोड्या प्रसंगी शक्य होते.

अध्ययन व अध्यापन : या विषयाच्या शिक्षणात लिपी, कालगणना व पुराव्याची पारख ही तीन अंगे प्रमुख होत. मराठी दप्तरासाठी ⇨ मोडी लिपी अवगत असणे अपरिहार्य आहे. राज्याचे पुराभिलेख संचालनालय तसेच भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था तिचे वर्ग घेत आल्या आहेत. चर्चच्या जुन्या नोंदींसाठी पोर्तुगीज भाषेचे संपूर्ण ज्ञान नसले, तरी नोंदीचा ठरीव साचा, नात्यांचे शब्द, महिन्यांची नावे आणि नावांची संक्षिप्त रूपे यांचा सराव पुरेसा होतो. एकाच धर्मगुरूच्या अक्षरातील पन्नास नोंदी क्रमाने उतरवून काढणे हा त्यावरील उत्तम पाठ होय. उत्तर कोकणच्या इतिहासाच्या पार्श्वभूमीसाठी जे. गर्सन द कून्या (१८४४–१९००) यांचा चौल व वसईवरील ग्रंथ (१८७६) आणि ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर (१८८२) अद्यापही उपयुक्त आहेत. मुंबईची हेरास संस्था (१९२६) व गोव्यातील झेव्हियर इतिहास संशोधन केंद्र (१९७९) येथील ग्रंथसंग्रहही अभ्यासकांस साहाय्यक ठरतात.

कालगणनेतील चुका वंशावळीत पिढी मागेपुढे करू शकतात. शकात ७८ मिळविल्याने इसवी सन येतो. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. मराठी दप्तरातील शुहूर सनात ५९९ वा ६०० मिळवितात. हा सन मृगसालापासून, म्हणजे मेच्या अखेरीस सुरू होतो व तो अरबी संख्याशब्दांत लिहितात. उदा., ‘अर्बैन मया व अलफ’ म्हणजे ११४०, अर्थात् इ. स. १७३९-४०. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले, तर इंग्रजांनी ते १७५२ मध्ये. म्हणून वसईच्या शरणागतीची तारीख जुन्या गणनेने ५ मे व नव्या गणनेने १६ मे १७३९ अशी दोन प्रकारे आढळते. या दोन घटना नव्हेत. गावांच्या नावांबाबतही अशीच दक्षता हवी. एकच वसई पोर्तुगीज कागदांत ‘बासाईं’, इंग्रजीत ‘बसीन’ आणि मराठी अमदानीत काही काळ ‘बाजीपूर’ म्हणून येते.

मौखिक माहिती मिळविण्याची रीतही शिकावी लागते. ‘तुमचा मूळ पुरुष कोण?’ असा प्रश्न विचारल्यास पढीक आख्यायिका ऐकावयास मिळते. त्याऐवजी विहीर कोणी खणली, होडी कोणाच्या नावावर होती, सुतक कोणाकोणाचे धरतात, लग्नाचे पहिले आमंत्रण कोणत्या घरी जाते, अशा प्रश्नांतून नात्यांचे खरे जाळे उलगडते. सांगणाऱ्याचे नाव, वय, तारीख व स्थळ टिपून ठेवावे. त्याचे शब्द बदलू नयेत. दोन साक्षींत विसंगती आढळल्यास दोन्ही नोंदवाव्यात. ज्ञात, संभाव्य व केवळ सांगोवांगी अशा तीन वर्गांत माहितीची विभागणी करण्याची सवय विद्यार्थ्यास प्रारंभापासून लावावी. शालेय पातळीवर आजोबा-आजीपर्यंतच्या तीन पिढ्यांची साधार वंशावळ हा प्रकल्प पुरेसा आहे. त्यातूनच ऐकीव गोष्ट व पुरावा यांतील भेद मुलांच्या ध्यानी येतो.

मूळ पुरुषाचा मोह : कुलवृत्तांताचा सर्वांत दुबळा भाग बहुधा त्याचे पहिले पान असते. थोर कुळाशी किंवा उच्च मानल्या गेलेल्या वर्णाशी नाते जोडण्याची प्रवृत्ती सर्व समाजांत आढळते. उत्तर कोकणातील अनेक ज्ञाती आपले आगमन बिंब राजाबरोबर झाले असे सांगतात. या परंपरेचा मुख्य लिखित आधार म्हणजे महिकावतीची बखर होय. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. तिचे भाग निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या हातांनी रचलेले आहेत. समाजाची स्वतःविषयीची धारणा जाणून घेण्यास ती अमोल आहे. मात्र तीत उल्लेखिलेले कुळ व आजचे कुटुंब यांच्यामधील शतकांचे अंतर केवळ नामसादृश्याने भरून काढता येत नाही. तीच गोष्ट ख्रिस्ती कुटुंबांच्या धर्मांतरपूर्व ज्ञातीविषयीच्या समजुतींची. अमेरिकेत ॲलेक्स हेली यांच्या रूट्स (१९७६) या ग्रंथाने सामान्य लोकांत पूर्वजांच्या शोधाची ओढ निर्माण केली. त्यातील वंशसूत्राच्या सत्यतेबद्दल पुढे विद्वानांनी शंका उपस्थित केल्या, हेही अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. अलीकडे उपलब्ध झालेल्या जनुकीय चाचण्या दोन व्यक्तींमधील जवळचे रक्तसंबंध सुचवू शकतात. पूर्वजाचे नाव, गाव वा ज्ञाती त्या सांगू शकत नाहीत.

महत्त्व व जतन : या संशोधनाचे मोल केवळ कौटुंबिक अभिमानापुरते नाही. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत १९६१ आणि इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत १९६७ या वर्षांपूर्वीचे पुरावे व वंशावळ मागितली जाते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने समिती नेमली, तेव्हा मोडी वाचकांची गरज प्रकर्षाने जाणवली. वारसाहक्क, भूसंपादनाचा मोबदला आणि कोळीवाड्यांतील घरांचे हक्क हेही अखेर ‘कोण कोणाचा’ या प्रश्नावर येऊन ठेपतात. ज्या कुटुंबाजवळ कागद नाही, त्याला आपलेच नाते परक्यांपुढे सिद्ध करावे लागते व ते न जमल्यास हक्कास मुकावे लागते. म्हणूनच या विद्येचा प्रसार वतनदार घराण्यांपेक्षा दप्तरहीन कुटुंबांत होणे अधिक अगत्याचे आहे.

खाडीकाठची दमट, खारी हवा आणि वाळवी हे कागदाचे नित्याचे शत्रू होत. नागरीकरणाने त्यात भर घातली आहे. जुनी घरे पाडली जातात तेव्हा पेट्यांतील पावत्या, खरेदीखते, जन्मपत्रिका व छायाचित्रे टाकून दिली जातात, आणि आळ्या मोडल्यावर घरांची टोपणनावे लोकांच्या तोंडातून जातात. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या यूटा येथील वंशावळी संस्थेने जगभरच्या नोंदींप्रमाणे हरद्वारच्या वह्यांचेही सूक्ष्मपट तयार केले. स्थानिक पातळीवर मूळ वहीचे आरेखन, तिची सूची आणि प्रतीचे अन्यत्र जतन ही कामे तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाने ग्रामस्थांनाही करता येण्याजोगी आहेत. नोंदवही ही धर्मग्रामाची किंवा उपाध्यायाची ठेव असते. ती पाहण्यास संमती घेणे, तिच्यावर खुणा न करणे आणि हयात व्यक्तींचे दत्तविधान, विवाहबाह्य जन्म, आजार यांसारखे तपशील प्रसिद्ध न करणे, हे संशोधकाचे कर्तव्य होय. वृद्धांची साक्ष प्रथम व कागदांचा शोध नंतर, हाच क्रम या परिसरात श्रेयस्कर ठरतो. कारण वही एखादे वर्ष वाट पाहू शकते, पण तिच्यातील एकाच नावाच्या दोघांतला आपला कोणता, हे सांगू शकणारे माणूस तेवढी वाट पाहीलच असे नाही.